धारूरच्या डोंगरात आई पाहुणी झाली

आमच्या बीड जिल्ह्यात 'हंगाम' म्हटले की एकच अर्थ निघतो, उसाचा. दसरा सरला की मुकादमांच्या फेऱ्या वाढतात, उचल वाटली जाते आणि दिवाळीच्या पुढेमागे ट्रक भरभरून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. भांडीकुंडी, पिठाची पोती, शेळ्या, कोंबड्या आणि तान्ही लेकरे, सगळे त्याच ट्रकमध्ये. परत येणे पाडव्याच्या आसपास किंवा त्याहूनही उशिरा. त्यामुळे आमच्याकडे कोणी "प्रवासाला निघालो" म्हटले की समोरचा विचारतो, "कोणत्या कारखान्याला?"

आपल्या माणसांचा प्रवास म्हणजे एक तर पोटासाठी, नाहीतर नागपूरच्या दीक्षाभूमीला आणि मुंबईच्या चैत्यभूमीला. याखेरीज नुसते चार घटका डोंगरात बसून येण्यासाठी, हवापालटासाठी घराबाहेर पडणे आपल्या घरांत अजून रुळलेले नाही. महाबळेश्वर, माथेरान ही नावे आपण शाळेच्या भूगोलात वाचतो आणि तिथेच सोडून देतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही आज ज्या सहलीविषयी लिहीत आहोत ती अगदी लहान आहे. बीडहून निघून धारूरला एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. २०२४ च्या दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार. आमच्या वस्तीतल्या तीन घरांची मिळून ११ माणसे, ८ मोठी आणि ३ लहान. तरीही ती लिहावीशी वाटली, कारण सोयरे-धायरे सोडले तर आमची आई ७६ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या घरी पाहुणी म्हणून झोपली.

डोंगर आपल्या दारातच

बालाघाटाची रांग आपल्या जिल्ह्यातून आडवी गेलेली आहे. तिच्या उत्तरेला खाली गेवराई-माजलगावचा गोदाकाठ, त्याला आपण गंगथडी म्हणतो. वर घाटावर पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई. या डोंगराच्या एका उतारावर पडलेला पाऊस बिंदुसरा-सिंदफणेतून गोदावरीला जातो. दुसऱ्या उतारावरचा पाऊस मांजरा नदीत उतरतो, लातूर, बिदर असा लांबचा फेरा घेतो आणि शेवटी गोदावरीलाच मिळतो.

पण हे पाणी भरवशाचे नाही. सह्याद्री ओलांडून येता येता ढग रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला उरलेसुरले येते. मांजरेवरचे धनेगावचे धरण २०१६ साली कोरडे पडले, तेव्हा लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. जिथे धरणाची ही गत, तिथे डोंगरावरच्या दोन एकर मुरमाड जमिनीचे काय सांगावे? खरिपाचे एक पीक निघाले की शेतात काम उरत नाही. मग हातात कोयता येतो. आपली माणसे ऊस तोडायला का जातात, याचे अर्धे उत्तर या डोंगराच्या पावसात आहे. उरलेले अर्धे जमीन कोणाच्या नावावर आहे, त्यात आहे.

असे असले तरी आषाढ ते आश्विन हे चार महिने हा डोंगर ओळखू येत नाही. श्रावणात पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. खाली रामेश्वराच्या देवळापर्यंत पायऱ्या आहेत. मांजरसुंब्याजवळ कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी आहे. नायगावला १९९४ पासून मोरांचे अभयारण्य आहे. अंबाजोगाईला खडकात कोरलेला हत्तीखाना आहे आणि दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. आणि आश्विनात धारूरच्या डोंगरावर सीताफळे लागतात.

सीताफळाचे झाड आम्हाला आपल्या माणसांसारखे वाटते. त्याला कोणी पाणी घालत नाही, शेळी त्याचा पाला खात नाही आणि खडकाच्या फटीतही ते उभे राहते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फळाचा डोळा उघडला, म्हणजे दोन खवल्यांमधली भेग पांढरट दिसू लागली, की ते तोडायचे आणि गवतात आढी घालायची. दोन-तीन दिवसांत पिकते आणि पिकले की थांबत नाही. म्हणून ते खरे खायचे तर झाडाजवळ जाऊनच खावे. आम्ही आश्विन निवडला तो यासाठी.

खोली शोधताना

एस.टी.ने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आले असते. पण आमच्या मंडळींचे म्हणणे पडले की एक रात्र तरी डोंगरात काढावी. घरी आल्यावर पुन्हा चूल आणि भांडी आहेतच. मग राहायचे कुठे?

'निवास व न्याहारी' हे शब्द आपल्यापैकी काहींनी ऐकले असतील. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या नावाची योजना बऱ्याच वर्षांपूर्वी सुरू केली. घरमालकाने आपल्या राहत्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, रात्रीची झोप आणि सकाळची न्याहारी असे मिळून पैसे घ्यायचे. कोकणात कितीतरी घरे यावर उभी राहिली. हॉटेलापेक्षा स्वस्त, आणि पैसा थेट त्या घरातल्या बाईच्या हातात. आपल्या डोंगरात अशी घरे थोडी आहेत, पण निघू लागली आहेत. कोणी रीतसर नोंदणी करून, कोणी नुसतेच ओळखीवर.

आम्ही एका ठिकाणी फोन केला. गाव आणि घर दोन्ही सांगत नाही. पलीकडच्या गृहस्थांनी आधी माणसे किती ते विचारले, खोल्या आहेत म्हणाले. मग आडनाव विचारले. मग मूळ गाव विचारले. मग विचारले, "गावात कोणत्या अंगाला राहता?" या प्रश्नाचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. आम्ही खरे ते सांगितले. थोडा वेळ गेला आणि पलीकडून उत्तर आले, "त्या दिवशी खोल्या भरल्यात वाटतं. बघून कळवतो." कळवले नाही.

आम्ही कचेरीत कारकुनी करतो, वस्तीत अर्ज-विनंत्या लिहून देतो, कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा जातीचा दाखला अडला तर धावतो. दुसऱ्याच्या बाबतीत असे घडले असते तर लगेच कागद घेऊन बसलो असतो. पण आपल्यावर आले की माणूस आधी गप्प होतो. घरात सौ. एवढेच म्हणाल्या, "राहू द्या. पोरांना कळू देऊ नका." आई म्हणाली, "मी आधीच म्हनत होते, आपल्याला कशाला पायजे."

त्या रात्री बाबासाहेबांची बडोद्याची हकीगत आठवली. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना तिथून निघावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने छापले. एवढ्या मोठ्या माणसाला खोटे नाव घ्यावे लागले, ते आपल्याला घ्यावे लागू नये म्हणून पुढे राज्यघटनेत कलम १५ आले. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर हॉटेल या शब्दात बोर्डिंग हाऊस आणि लॉजिंग हाऊसही धरले आहे. कायदा आपल्या बाजूला आहे. पण "बघून कळवतो" हे शब्द कायद्याच्या कचाट्यात सापडत नाहीत, ही खरी अडचण आहे.

दोन दिवसांनी ओळखीच्या एका गुरुजींनी धारूरच्या एका बाईंचा फोन नंबर दिला. आम्ही फोन लावला आणि त्यांनी विचारण्याआधीच आपले आडनाव, गाव, वस्ती सगळे सांगून टाकले. नंतर वाईट वाटण्यापेक्षा आधीच वाटलेले बरे. बाई म्हणाल्या, "आडनाव घेऊन मी काय करू दादा? माणसं किती तेवढं सांगा. भाकरी किती थापायच्या ते कळंल."

घाट दिवसा पाहिला

शनिवारी सकाळी बीडच्या स्थानकावर एस.टी. धरली. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ च्या पुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून तिकीटच नाही. त्यामुळे आई बिनातिकिटाची आणि सर्वांत आधी खिडकीपाशी. गाडी वडवणीवरून तेलगावला आली आणि तिथून धारूरच्या घाटाला लागली.

हा घाट अरुंद आहे, वळणे अवघड आहेत, समोरून मालट्रक आला की दोन्ही चालक एकमेकांकडे बघत बसतात. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी इथे घाई करू नये, रात्री तर शक्यतो जाऊच नये. दोन्ही अंगांना सीताफळाची झाडी. वळणावळणावर बायका टोपली घेऊन बसलेल्या. खाली तेलगावकडची सपाटी पसरलेली, तिच्यावर ढगांच्या सावल्या.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्योच का धारूरचा घाट?"

आम्ही म्हणालो, "हो. तू तर किती वेळा गेलीस इथून."

आमचे मूळ गाव माजलगाव तालुक्यातले. तिथले ट्रक याच रस्त्याने घाट चढून केज, कळंब, बार्शीकडे जायचे. आई-दादा या वाटेने कितीतरी हंगाम गेले.

आई म्हणाली, "गेले की. पर रातच्याला. वर ताडपत्री आसायची. गाडी वाकडी झाली की समजायचं, घाट आला. पोरं उलट्या करायची. बाहेर एवढं हिरवं आसतं, हे कुनी सांगितलं न्हाई."

उलट्या करणाऱ्या पोरांत आम्हीही होतो. पुढे वसतिगृहात राहिलो, बी.कॉम. झालो आणि ट्रक सुटला. आईचा मात्र बरीच वर्षे सुटला नाही.

ओट्यावरच्या दोघी

घर किल्ल्याच्या बाजूला, गावाच्या कडेला. पुढे ओटा, मागे परस, परसात सीताफळाची तीन झाडे. मूळ दोन खणांचे घर, त्याला लागून पत्र्याच्या दोन नव्या खोल्या. खोल्यांत पलंग एक-एकच, बाकी गाद्या आणि धुतलेल्या गोधड्या. संडास-न्हाणी वेगळी आणि स्वच्छ. बाईंच्या मुलाने वहीत नावे लिहून घेतली, आधारकार्ड पाहिले आणि परत दिले. ते कार्ड हातात धरून त्याने आडनाव वाचले, तेव्हा आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याच्या तोंडावर काही नव्हते. त्याचे लक्ष फोनवर चाललेल्या क्रिकेटच्या सामन्याकडे होते. आम्हाला तेव्हा हसू आले.

रात्री बाजरीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि वर ताक. सगळे एका पंगतीला बसलो. बाई आणि त्यांची धाकटी मुलगी वाढत होत्या. वाढता वाढता बाई आईच्या डाव्या हाताकडे बघून थांबल्या. आईच्या अंगठ्याजवळ कोयत्याची जुनी खूण आहे.

"मावशी, तुम्ही फडावर होता?"

"व्हय. तू?"

बाईंनी वाटी खाली ठेवली आणि आपला डावा हात पुढे केला. तिथेही तशीच खूण होती.

त्यानंतर आम्हाला कोणी विचारले नाही. दोघी ओट्यावर बसल्या. कोणाचा कारखाना कुठला, मुकादम कसा, कोपीत पाऊस शिरला तेव्हा काय केले, पहाटे तीनला उठून थंडीत उसाच्या पाल्याने हात कसे कापायचे, वाढे विकून आठवड्याचा बाजार कसा व्हायचा. पोरे झोपली, आम्ही झोपलो, तरी ओट्यावर बोलणे चालूच होते.

सकाळी जाग आली ती स्वयंपाकघरातल्या आवाजाने. आई नेहमीप्रमाणे चारला उठली होती आणि सरळ चुलीपाशी गेली होती. बाई तिला हाताला धरून बाहेर आणत होत्या. "मावशी, आज नाही. आज तुम्ही पाहुण्या आहात. तिकडं बसा." पाठोपाठ सौ. भांडी घासायला गेल्या, त्यांनाही परत पाठवले.

मग सासू आणि सून दोघी ओट्यावर बसल्या. सूर्य उगवत होता, किल्ल्याच्या बुरुजावर ऊन आले होते. त्या दोघींना हातांचे काय करावे ते कळत नव्हते. आई पदराचे टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. सौ. दोनदा उठून उगीच अंथरुणे पाहून आल्या. रोज पहाटेपासून राबणाऱ्या बाईला नुसते बसणेही शिकावे लागते, हे आम्ही इतकी वर्षे संसार करून त्या दिवशी पाहिले. यात आमचाही दोष आहे. तो इथे लिहून ठेवतो.

न्याहारीला सुशीला, गरम धपाटे, दही आणि मोठा पेला भरून चहा. शेवटी परातभर सीताफळे. आईने दोन खाल्ली, बिया मोजून पदरात बांधल्या. परसात लावायच्या म्हणाली. आमच्या पत्र्याच्या घराला परस नाही, पण आम्ही काही बोललो नाही.

मुकादम आला

न्याहारी चालू असतानाच दारात मोटारसायकल थांबली. मुकादम होता. सभ्य बोलणारा माणूस, बाईंना वहिनी म्हणणारा. त्याने विचारले, "मग यंदा कसं? गाडी भरायची आहे. उचल घ्यायची तर आज सांगा."

आपल्या वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फडावर एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीला. नवरा एकटा गेला तर तो अर्धा कोयता. बाई घरी राहिली तर त्या घराची अर्धी उचल बुडते. घरातल्या मुलीचे लग्न, आजारपण, जुने देणे, सगळे उचलीवर ठरलेले असते. म्हणून बाईला घरी राहता येत नाही, आणि बाई गेली की लहान पोरे जातात, आणि पोरे गेली की शाळा जाते.

या बाई मागचे दोन हंगाम गेल्या नव्हत्या. शेवटच्या उचलीतून त्यांनी या दोन खोल्यांवर पत्रे टाकले होते. आदल्या रात्री आईला त्यांनी हिशेब सांगितला होता. पावसाळ्याचे आणि सीताफळाचे मिळून आठ-दहा आठवडे पाहुणे येतात, तेही शनिवार-रविवारी. बाकीचे वर्ष खोल्या रिकाम्या. धाकटी मुलगी नववीला. तिला मागे ठेवून जायचे तर कोणापाशी ठेवायचे?

बाई मुकादमाला म्हणाल्या, "दिवाळीनंतर सांगते."

तो म्हणाला, "दिवाळीनंतर गाडी नाही थांबायची."

"मग नाही थांबली तर नाही."

तो गेला. बाईंनी तव्यावरचे धपाटे उलटले. ते एका बाजूने करपले होते, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या ताटात घेतले आणि आमच्यासाठी दुसरे टाकले.

किल्ल्यातले पाणी

दहाच्या सुमाराला आम्ही किल्ल्यावर गेलो. सोळाव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार किश्वरखान याने हा किल्ला बांधला. पुढे तो निजामशाहीकडे, मग मोगलांकडे आणि शेवटी हैदराबादच्या निजामाकडे गेला. या गावाला फतेहाबाद असेही नाव होते. एका अंगाला गाव आणि खंदक, बाकी बाजूंना खोल दरी. बुरुज, दरवाजे अजून उभे आहेत, झाडी मात्र फार वाढली आहे. पायात चपलेऐवजी बूट असावेत, लहान मुलांना तटाच्या कडेला सोडू नये.

आत पाण्याचे जुने हौद आहेत. पाऊस चांगला झाल्याने पाणी वरपर्यंत होते. आमची पुतणी सहावीत आहे, ती धावत जाऊन कडेला बसली आणि तोंड धुऊ लागली. तिला तिथे पाहून आम्हाला बाबासाहेबांच्याच त्या लेखनातला दुसरा प्रसंग आठवला. सहलीचाच प्रसंग आहे तो. १९३४ साली बाबासाहेब चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले आणि वाटेत दौलताबादला किल्ला पाहायला थांबले. तो सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आपला बीड जिल्हाही होता. प्रवासाने अंगावर धूळ बसलेली. दरवाजाबाहेरच्या भरलेल्या हौदावर काहींनी हातपाय-तोंड धुतले. त्याबरोबर पाणी बाटवले म्हणून ओरडा झाला, गर्दी जमली. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना आत सोडले.

पोरांना तिथेच बसवून ही हकीगत सांगितली. पुतणी म्हणाली, "मग बाबासाहेब तहानलेलेच राहिले का?"

तिला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही. ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि मग तिने पुन्हा एकदा तोंड धुतले. पहिल्यांदा धुतले होते त्यापेक्षा सावकाश. मग बाकीची दोघेही उतरली. आई मागे उभी होती. ती म्हणाली, "शेवाळ हाय, घसराल." एवढेच.

हिशेब आणि पुढची गोष्ट

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हिशेब देतो. मोठ्या माणसाला झोप आणि न्याहारी मिळून ४०० रुपये, लहानांना निम्मे. रात्रीचे जेवण मोठ्यांना १५०, लहानांचे बाईंनी घेतले नाही. ११ माणसांचे एकूण ५,००० रुपये झाले. तीन घरांत वाटून प्रत्येकी १,७०० च्या आत, शिवाय एस.टी.चे भाडे. एका घराने वर्षभर महिन्याला १५० रुपये बाजूला टाकले तर हे जमते. आम्ही वस्तीत आता तशी भिशी सुरू केली आहे. जाण्याआधी फोन करावा, जेवण सांगून ठेवावे, दारू नेऊ नये, आणि सीताफळे घ्यायची ती घाटातल्या बायकांकडूनच, फार घासाघीस न करता घ्यावीत. श्रावणात सौताडा किंवा कपिलधार करायचे असेल तर धबधब्याच्या पाण्यात उतरू नये. डोंगरावर पाऊस पडला की खाली लोंढा कधी येईल ते सांगता येत नाही.

दिवाळीनंतर आम्ही बाईंना फोन केला. फोन त्यांनीच उचलला, तेव्हा जीव भांड्यात पडला. नवरा आणि थोरला मुलगा गेले होते, दोघे मिळून एक कोयता. बाई मागे राहिल्या होत्या. मुलगी शाळेत जात होती. "यंदा निभलं," त्या म्हणाल्या, "पुढच्या साली बघू. मावशी बऱ्या आहेत ना? आणा की त्यांना श्रावणात." त्यांच्या घरातला मुलगा फडावर गेला, ही गोष्ट आनंदाची नाही. पण एका घरातली एक बाई आणि एक मुलगी ट्रकमध्ये चढली नाही, त्यात आमच्या ५,००० रुपयांचा काही अंश असेल, असे मानून आम्ही समाधान करून घेतो.

शेवटी एक विनंती. डोंगरातल्या गावांत आपलीही घरे आहेत. ज्यांच्याकडे एखादी जास्तीची खोली आहे, त्यांनी 'निवास व न्याहारी'चा विचार करावा. नोंदणीची माहिती पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात मिळते. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये 'आई' नावाचे धोरण आणले आहे, त्यात कर्जावरच्या व्याजाला मदत आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या घरी उतरायला, आपल्या हातचे खायला लोक येतील का? काही येणार नाहीत. "बघून कळवतो" म्हणतील आणि कळवणार नाहीत. पण काही येतील. पाहुणा म्हणून जाता येणे हा एक हक्क आहे, आणि यजमान म्हणून दार उघडता येणे हा दुसरा. पहिला आम्ही धारूरला एका रात्रीपुरता अनुभवला. दुसरा अनुभवणारे घर आपल्या वाचकांपैकी कोणाचे असेल तर आम्हाला जरूर कळवावे. येत्या श्रावणात आमची ११ माणसे तिथेच येतील.

आईच्या सीताफळाच्या बियांपैकी चार रुजल्या. तेलाच्या जुन्या डब्यात लावल्या आहेत, दाराशी ठेवल्या आहेत. पाणी घालायला आम्ही विसरतो, ती विसरत नाही.